परिसरनिहाय गुन्ह्यांची आकडेवारी: ‘वाढ झाली’ म्हणजे नेमके कुठे काय वाढले?

ऋजुता

आम्ही घर बदलण्याच्या विचारात आहोत आणि शहरातील दोन परिसरांवर येऊन थांबलो आहोत. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणते. घरी चर्चा चालू असतानाच कोणीतरी शहराचा एक रंगीत नकाशा पाठवला. त्यात प्रत्येक परिसरातील घरफोड्या गेल्या वर्षीच्या तुलनेत किती टक्क्यांनी वाढल्या किंवा घटल्या, ते दाखवले आहे. ‘अ’ गडद लाल आहे, कारण तिथे ६० टक्के वाढ झाली. ‘ब’ फिकट पिवळा आहे, कारण तिथे वाढ केवळ १० टक्के आहे. नकाशा पाहताच घरातल्या सर्वांनी ‘ब’च्या बाजूने कौल दिला.

मी मात्र मूळ तक्ता उघडून पाहिला. ‘अ’मध्ये घरफोड्या १० वरून १६ झाल्या आहेत आणि ‘ब’मध्ये २१० वरून २३१. (परिसर ओळखू येऊ नयेत म्हणून आकडे किंचित बदलले आहेत, प्रमाण तेच ठेवले आहे.) आता माझा प्रश्न असा की, या दोन बदलांमधून काही अर्थ काढता येतो का, आणि येत असेल तर तो नकाशा सांगतो तोच आहे का?

दशांश

टक्केवारी बाजूला ठेवून आधी मूळ संख्या पाहिलीत, हे उत्तम केलेत. लहान संख्यांच्या बाबतीत एक ढोबळ पण उपयोगी हिशेब आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना मोजत असाल, तर काहीही न बदलता केवळ योगायोगाने त्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार सहज होतो. वर्षाला सुमारे १० घटना होणाऱ्या ठिकाणी ७ किंवा १३ घडल्या, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसते.

दोन वर्षांमधील फरक तपासायचा असेल, तर दोन्ही संख्यांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे, तो योगायोगाचा नेहमीचा पट्टा. ‘अ’साठी १० आणि १६ मिळून २६ होतात. त्याचे वर्गमूळ सुमारे ५.१ आणि प्रत्यक्ष फरक ६. ‘ब’साठी २१० आणि २३१ मिळून ४४१ होतात. त्याचे वर्गमूळ २१ आणि प्रत्यक्ष फरकही २१. म्हणजे दोन्हीकडचा बदल योगायोगाच्या नेहमीच्या पट्ट्याच्या साधारण एकपट आहे. फरक त्या पट्ट्याच्या दुपटीच्या पुढे गेला, तरच मी कान टवकारतो. नकाशाने एकाला गडद लाल आणि दुसऱ्याला फिकट पिवळा रंग दिला असला, तरी पुराव्याच्या दृष्टीने दोन्ही परिसर जवळपास एकाच पायरीवर उभे आहेत.

वाटसरू

दशांश, तुमचे गणित मला मान्य आहे, पण त्यातील सूर पटला नाही. सोळा घरे फुटली आहेत आणि त्यांतील एकही कुटुंब वर्गमूळ काढून समाधान मानणार नाही. आकडा लहान आहे, म्हणून तो दुर्लक्षणीय ठरत नाही.

दशांश

वाटसरू, जे घडले ते घडलेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ऋजुता यांना घर पुढच्या काही वर्षांसाठी घ्यायचे आहे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या सोळा घरफोड्या पुढच्या वर्षाविषयी काय सांगतात, एवढाच माझा मुद्दा आहे, आणि माझ्या मते त्या फारसे काही सांगत नाहीत.

एक दुरुस्ती मात्र मीच करतो. वरचा हिशेब घटना परस्परांशी असंबद्ध आहेत असे धरून केला आहे आणि घरफोड्या तशा नसतात. एकच टोळी आठवडाभरात एकाच गल्लीत पाच-सहा घरे फोडते. एकदा फुटलेले घर किंवा त्याच्या शेजारचे घर काही आठवड्यांतच पुन्हा फुटण्याची शक्यता वाढते, ही अनेक देशांत आढळलेली बाब आहे. अशा घटना झुंडीने येत असल्यामुळे योगायोगाचा पट्टा माझ्या हिशेबापेक्षा रुंदच असतो.

जुना_लेखनिक

मी पोलीस ठाण्यात लेखनिक म्हणून बरीच वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. आपण सारे ज्या आकड्यांवर बोलता आहात, ते ज्या टेबलावर जन्माला येतात, तिथली एक गोष्ट सांगतो.

एक गृहस्थ घामाघूम होऊन येतात आणि सांगतात, “बसच्या गर्दीत माझा मोबाईल मारला.” ठाणे अंमलदार विचारतात, “कोणी काढताना तुम्ही पाहिले का? एखाद्याचा हात दिसला का? खिशातून पडला नसेल, असे खात्रीने सांगता का?” गृहस्थ प्रामाणिक असतात, ते म्हणतात, “पाहिले नाही बुवा.” त्यावर ‘मोबाईल गहाळ’ अशी नोंद होते, त्यांना दाखला मिळतो, त्यावर नवे सिमकार्ड मिळते आणि ते समाधानाने घरी जातात. घटना चोरीची होती, पण गुन्ह्यांच्या रजिस्टरात एकही आकडा वाढला नाही.

आमच्याकडे एकदा नवे प्रभारी अधिकारी आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, माणूस चोरी म्हणत असेल तर चोरीचाच गुन्हा दाखल करायचा. दोन महिन्यांत आमच्या हद्दीतील चोरीचे गुन्हे दुपटीच्या पुढे गेले. मासिक गुन्हे बैठकीत साहेबांना उभे करून जाब विचारण्यात आला. शेजारच्या ठाण्याचे आकडे मात्र जैसे थे होते आणि त्यांचे कौतुक झाले. रस्त्यावरचे चोर तेच होते, बसही तीच होती. त्या वर्षी कोणी नकाशा काढला असता, तर आमची हद्द गडद लाल दिसली असती.

खडूस

म्हणजे ज्या ठाण्याचे दार ढकलूनही उघडत नाही, तो शहरातील सर्वांत सुरक्षित परिसर समजावा.

नीरजा

खडूस यांनी विनोद केला असला, तरी तो वास्तवापासून फार दूर नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ साली पोलिसांच्या नोंदींची तपासणी झाली. तेव्हा पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचातला एक गुन्हा नोंदवलाच गेला नसल्याचे आढळले. त्याच वर्षी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला. त्यानंतर नोंदणी सुधारली आणि हिंसक गुन्ह्यांची नोंदलेली संख्या झपाट्याने चढली, परंतु लोकांना घरोघरी जाऊन विचारणाऱ्या सर्वेक्षणात तशी वाढ दिसत नव्हती.

असे सर्वेक्षण तिथे १९८२ पासून होते आणि अमेरिकेत १९७३ पासून. ‘गेल्या वर्षभरात किंवा सहा महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडले’ असे थेट विचारल्यामुळे, ठाण्याची पायरी न चढलेले गुन्हेही त्यात मोजले जातात. मात्र या धाग्याच्या विषयाला ते थिटे पडते. नमुना साऱ्या देशाचा असल्यामुळे एखाद्या परिसराच्या वाट्याला जेमतेम मूठभर घरे येतात. त्यामुळे परिसराची तुलना करू पाहणाऱ्याला पुन्हा पोलिसांच्या नोंदींकडेच वळावे लागते.

वाटसरू

लेखनिककाका, एक शंका आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे ना?

जुना_लेखनिक

आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ते निःसंदिग्धपणे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न आड येत नाही. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त देणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. अशा प्रत्येक तरतुदीनंतर नोंदलेला आकडा वाढू शकतो आणि ती वाढ चांगल्या कारणाने झालेली असते. परंतु ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांमधील फट कायद्याने बुजत नाही, कारण तिथे खबर कशी लिहून घेतली, यावरच सारे अवलंबून असते.

आणखी एक बारकावा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजणी करताना एका एफआयआरमधील सर्वांत गंभीर गुन्हाच धरतो. घरफोडीच्या वेळी खून झाला, तर वार्षिक तक्त्यात तो खून म्हणून जातो आणि घरफोडीच्या रकान्यात दिसत नाही.

मध्यरेषा

मग खुनाचाच आकडा का पाहू नये? प्रेत गहाळ म्हणून सहसा नोंदवता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले होते आणि २०१७ साली २९२. एवढी घट नोंदणीच्या पद्धतीने घडवून आणता येणार नाही, ती खरीच असली पाहिजे.

नीरजा

मध्यरेषा, संपूर्ण शहराचा दीर्घ काळाचा कल पाहायचा असेल, तर खुनाच्या आकड्याइतके विश्वासार्ह दुसरे काही नाही, हे मान्य आहे. (घट का झाली, यावर मात्र अभ्यासकांचे आजही एकमत नाही. १९९४ मध्ये तिथल्या पोलिसांनी आकड्यांवर आधारित साप्ताहिक आढाव्याची पद्धत सुरू केली आणि श्रेय तिला देण्यात आले. परंतु त्याच काळात अशी पद्धत नसलेल्या शहरांतही गुन्हे घटले, कॅनडातही घटले.)

परिसराच्या पातळीवर मात्र हा उपाय निकामी ठरतो. बहुतेक परिसरांत वर्षाला शून्य, एक किंवा दोन खून होतात. एकाचे दोन झाले की नकाशा १०० टक्के वाढ दाखवणार. खुनाची नोंद सर्वांत चोख होते, पण लहान परिसरात तिच्यातून कल वाचण्याइतक्या घटनाच नसतात. घरफोड्या आणि चोऱ्या पुरेशा संख्येने होतात, तर त्यांच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही गुण एकाच आकड्यात क्वचितच सापडतात.

अवकाश

आतापर्यंत सारी चर्चा अंशाभोवती फिरली, छेदाकडे कोणी पाहिलेले नाही. ‘दर लाख लोकसंख्येमागे’ म्हणताना आपण रात्री तिथे झोपणारी माणसे मोजतो, पण खिसा दिवसा तिथे फिरणाऱ्यांचा कापला जातो. लंडनच्या मधोमध असलेल्या ‘सिटी ऑफ लंडन’ या छोट्या भागात रहिवासी जेमतेम आठ-नऊ हजार आहेत आणि कामासाठी रोज येणारे काही लाख. रहिवाशांमागे दर काढला, तर तो भाग साऱ्या देशातील सर्वांत भयंकर ठरेल. मोठे रेल्वे स्थानक, घाऊक बाजार किंवा रुग्णालय ज्या हद्दीत येते, तिची हीच गत होते.

छेद जुना असला तरी फसगत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने महानगरांचे दर काढताना वर्षानुवर्षे २०११ च्या जनगणनेचीच लोकसंख्या वापरली आहे. शहराच्या ज्या कडेला त्यानंतर इमारतींचे जंगल उभे राहिले, तिथे माणसे दुप्पट झाली म्हणून गुन्हेही दुप्पट झाले असतील, पण छेद जागचा हलला नसेल, तर कागदावर दर दुप्पट दिसेल.

त्यात हद्दींचे विभाजनही होते. एका ठाण्यातून नवे ठाणे निर्माण झाले की जुन्या ठाण्याचे गुन्हे रातोरात घटतात. अशी ‘घट’ साजरी झालेली मी पाहिली आहे.

ऋजुता, घरफोडीसाठी माणसे मोजूच नका, घरे मोजा. दोन्ही परिसरांत घरे किती आहेत आणि पाच वर्षांपूर्वी किती होती, हे कळू शकेल का? शिवाय दोनच वर्षांवर थांबू नका, मागची चार-पाच वर्षे एका ओळीत लिहून पाहा.

खडूस

आमच्या संकुलात एका वर्षी चार सायकली चोरीला गेल्या. कार्यकारिणीने तातडीने कॅमेरे बसवले. पुढच्या वर्षी एकच सायकल गेली आणि सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. नंतर दुरुस्तीवाला आला, तेव्हा कळले की सायकलींकडच्या कॅमेऱ्याची वायर पहिल्या पावसातच तुटली होती.

दशांश

खडूस, याला सांख्यिकीत ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात आणि गुन्ह्यांच्या चर्चेत होणाऱ्या चुकांमध्ये या चुकीचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असेल. उपाय नेहमी सर्वांत वाईट वर्षानंतर केला जातो. सर्वांत वाईट वर्षात दुर्दैवाचाही वाटा असतो आणि तो पुढच्या वर्षी बहुधा तितका नसतो. त्यामुळे उपायाने काही साधले नाही, तरी आकडा बहुतेक वेळा खाली येतो आणि श्रेय उपायाला मिळते. कॅमेरे निरुपयोगी असतात, असे मी म्हणत नाही. तितकेच वाईट वर्ष गेलेल्या, पण कॅमेरे न बसवलेल्या संकुलात काय झाले, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही, एवढेच.

मध्यरेषा

एकूण गुन्ह्यांचा आकडा पाहणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. २०२० साली देशातील एकूण नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. त्या वर्षी अर्धा काळ लोक घरातच होते आणि चोऱ्या घटल्या होत्या. मग वाढले काय? सरकारी आदेशाच्या अवज्ञेचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचे गुन्हे आदल्या वर्षीच्या सुमारे २९ हजारांवरून ६ लाखांच्या पुढे गेले होते. टाळेबंदी मोडणारा माणूस आणि दरोडेखोर तिथे एकाच बेरजेत आले.

परिसराच्या पातळीवर असाच घोटाळा जुगार, अमली पदार्थ आणि मद्यपान करून वाहन चालवणे यांबाबत होतो. यांत फिर्यादी बहुधा पोलीसच असतात, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे छापे आणि नाकाबंद्या वाढल्या, एवढेच खात्रीने म्हणता येते.

वाटसरू

मी सुरुवातीला विरोध केला होता, पण आता माझ्या मनात उलटीच भीती आहे. नोंदणी बदलली, छेद चुकला, योगायोग होता, हद्द बदलली, अशी इतकी कारणे हाताशी असतील, तर खरी वाढ झाली तरी ती आपण कधीच मान्य करणार नाही. शहाणपणाच्या नावाखाली सारे झटकून टाकण्याचीही सवय लागू शकते.

नीरजा

वाटसरू, ही भीती रास्त आहे आणि मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. आकडा वाढला तर जी शंका घेते, तीच आकडा घटला तरी घेते. दुसरे असे की, खरी वाढ असेल तर ती एकाच रकान्यात राहत नाही. घरफोड्या खरोखर वाढल्या असतील, तर विमा कंपन्यांकडचे दावे वाढतात, नियंत्रण कक्षाला येणारे दूरध्वनी वाढतात आणि कुलूप-किल्लीवाल्याचाही धंदा वाढतो. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन नोंदी एकाच दिशेने सरकल्या, तर मी कोणतीही सबब न शोधता वाढ मान्य करते.

अवकाश

एक मुद्दा राहून गेला. परिसराची सरासरी मुळात कोणाच्याच वाट्याला येत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, पोलिसांना आलेल्या कॉलपैकी निम्मे शहरातील अवघ्या ३ टक्के पत्त्यांवरून आले होते. पुढे इतर शहरांतही थोड्याफार फरकाने हेच आढळले. तथाकथित वाईट परिसरातील बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि चांगल्या परिसरातही एखादा कोपरा असा असतो की, तिथे रात्री कोणी रेंगाळत नाही. परिसर निवडण्याइतकीच गल्लीही निवडावी लागते.

ऋजुता

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात थोडा गृहपाठ केला, तो इथे मांडते. पूर्वीप्रमाणेच आकडे किंचित बदललेले आहेत.

‘अ’मधील गेल्या पाच वर्षांच्या घरफोड्या अशा आहेत: १४, ११, १७, १०, १६. सरासरी साडेतेराच्या आसपास येते. नकाशाने तुलनेसाठी घेतलेले वर्ष नेमके पाचांतले सर्वांत कमी घरफोड्यांचे होते, म्हणूनच ६० टक्के दिसले. त्याआधीचे वर्ष घेतले असते, तर १७ वरून १६, म्हणजे घटच दिसली असती.

‘ब’ची ओळ पाहून मात्र मी दचकले: १८२, १९०, २०३, २१०, २३१. इथे चढउतार नाही, सलग चढच आहे. फिकट पिवळ्या रंगामागे हे लपले होते. मग अवकाश यांनी सुचवल्याप्रमाणे घरांची संख्या शोधली. ‘ब’मध्ये पाच वर्षांपूर्वी सुमारे ४८ हजार घरे होती, आता सुमारे ६० हजार आहेत. दर हजार घरांमागे तेव्हा ३.८ घरफोड्या होत होत्या आणि आता जवळपास तितक्याच, ३.८५ होत आहेत. ‘अ’मध्ये घरे सुमारे ४ हजार आहेत आणि त्यांत भर पडलेली नाही. पाच वर्षांची सरासरी धरली तर दर हजारी ३.४ येतात, आणि केवळ गेले वर्ष धरले तर ४.

थोडक्यात, ज्या नकाशावरून घरात दोन दिवस वाद झाले, त्यातील दोन्ही परिसर पाच वर्षांपूर्वी जिथे होते, तिथेच आहेत.

काल संध्याकाळी ‘अ’मधील ठाण्यात जाऊनही विचारले. अधिकारी चांगले बोलले. सोळापैकी नऊ घरफोड्या एकाच पंधरवड्यात, नाल्याला समांतर जाणाऱ्या एकाच गल्लीत झाल्या होत्या आणि त्या प्रकरणातील टोळी नंतर पकडली गेली. आम्ही पाहत असलेले घर त्या गल्लीपासून दोन रस्ते पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर आहे.

जुना_लेखनिक

ऋजुताताई, ठाण्यात जाऊन विचारलेत, हे सर्वांत बरे केलेत. आता एकच करा. त्या नऊ घरांत चोर कुठून शिरले होते, तेही विचारून घ्या. पंचनाम्यात लिहिलेले असते, कोणी अनुभवी हवालदार भेटले तर तोंडी सांगतील. नाल्याकाठच्या गल्ल्यांमध्ये बहुधा मागचा पाइप आणि न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी, हाच रस्ता असतो. पट्ट्या एकेक करून काढून ठेवतात, आवाजही होत नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत पाइप जात असेल, तर दोन रस्ते पलीकडे असण्याचा फारसा उपयोग नाही.

ऋजुता

काका, पाइप जातो. आजच पाहून आले, खिडकीही तशीच आहे. घरमालकांना तिथे लोखंडी जाळी बसवून देण्याविषयी विचारले आहे. त्यांचे उत्तर आले की कळवते.